एवढ्या मोठ्या गाडीत

गाडी नवी घेतली की माणसं आधी तिच्यापुढे उभं राहून फोटो काढतात आणि मग आत कोण कुठे बसणार यावरून भांडतात. फोटो काढायला शोरूममध्ये वेगळा माणूस होता. भांडण मिटवायला बकलमास्तर होते.

शोरूमच्या मागच्या अंगाला, जिथे धुतलेल्या गाड्या मालकांची वाट बघत उभ्या असतात, तिथे त्यांचा कोपरा होता. एक स्टूल, एक लोखंडी कपाट, लहान मुलांच्या चार प्रकारच्या सीटा आणि वाळू भरलेली एक बाहुली. बाहुलीचं वजन बरोबर नऊ किलो. शोरूमची माणसं तिला 'मोठे साहेब' म्हणत, कारण ती दिवसभर नुसती बसून असे आणि कुणी काही विचारलं तर तोंड उघडत नसे.

तरुणपणी मास्तर एका शेडमध्ये गाड्यांची सीटकव्हरं शिवायचे. सीट आतून कशी असते, स्पंज कुठे बसतो, स्प्रिंग कुठे दगा देते, हे त्यांना तेव्हापासून पाठ. पुढे लहान मुलांसाठी वेगळ्या सीटा आल्या, त्या बसवायला कुणीतरी हवं म्हणून शोरूमने त्यांना उचललं. सहा दिवसांचं शिक्षण झालं. त्यातले दोन दिवस आपणच शिकवणाऱ्याला शिकवलं, असं मास्तर सांगायचे. दहा वर्षांनी हे दोन दिवस चार झाले होते. नोकरी आणखी लांबली तर सहाच्या सहा व्हायचे.

पण माणूस हाताचा पक्का, यात वाद नाही. मुलाची सीट जागेवर ठेवायची, तिच्यावर आपला गुडघा रोवायचा, सगळं वजन टाकायचं आणि पट्टा खेचायचा. मग सीट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायची. अंगठ्याएवढी जरी सरकली तरी सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. मुलाला बसवलं की त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्याखाली आपली दोन बोटं घालून बघायची. तिसरं बोट शिरलं तर पट्टा सैल. हे सगळं करताना ते तोंडाने पुटपुटत असायचे. बाजूला उभ्या असलेल्या आईबापांना वाटायचं काही देवाधर्माचं म्हणतायत. ते खरं तर सीट बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असायचे.

एखादा बाप छाती काढून म्हणायचा, "सीट कशाला? बाळाला मी पुढे मांडीवर घेऊन बसेन." मास्तर वाद घालत नसत. त्या बापाला पुढच्या सीटवर बसवायचे, मांडीवर मोठे साहेब द्यायचे, "घट्ट धरा" म्हणायचे आणि बाहुलीला बांधलेली दोरी एकदम हिसडायचे. बाहुली समोरच्या फळीवर जाऊन थाडकन आपटायची. बाळाची आई किंचाळायची. "हे मी नुसतं हाताने ओढलं," मास्तर म्हणायचे. "गाडीचा ब्रेक माझ्याहून तरणा असतो." पुढचा अर्धा तास बाप शहाण्यासारखा ऐकून घ्यायचा.

तीन रांगांच्या गाड्या आल्यापासून मास्तरांचा भाव आणखी वधारला. सात माणसांची गाडी म्हणजे तिच्यात सात माणसं बसतातच असं नाही, हे कंपनीच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. ते मास्तर सांगायचे. तिसऱ्या रांगेत जायचं तर मधल्या रांगेची सीट पुढे दुमडून वाट करावी लागते. त्याच सीटवर लहान मुलाची सीट बांधली की ती दुमडत नाही, आणि वाट बंद. दोन मुलं, दोन सीटा, दोन्हीकडच्या वाटा बंद. मग मागे बसणाऱ्याने डिकीचं दार उघडून, पाठीमागून, सीटच्या पाठीवरून टांग टाकून आत उतरायचं. आणि घरोघर या टांगेसाठी निवड व्हायची ती आजीची.

"आजी कुठे बसणार?" मास्तर विचारायचे.

"मागे."

"मागे म्हणजे डिकीतून? सामान आहेत का त्या?"

नवऱ्याचा चेहरा उतरायचा, बायको दुसरीकडे बघायला लागायची. मास्तर मात्र आजीचा हात धरून तिला सरळ पुढे आणून बसवायचे. "आधी लेकरू, मग म्हातारं माणूस, मग तुम्ही. गाडी कुणी घेतली ते माझ्या लेखी शेवटी येतं." लाखोंची गाडी घेऊन आलेली माणसं या साध्या कपड्यातल्या माणसाचं मुकाट ऐकायची. त्या म्हाताऱ्या खिडकीतून वळून वळून त्यांच्याकडे बघत जायच्या. मास्तरांना ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

हे सगळं परक्यांच्या गाड्यांत.

घरी मास्तर वेगळे होते. मुलाच्या तीन खोल्यांच्या घरात ते आणि त्यांची बायको राहत. बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत, तसंच आपण म्हणू. चार महिन्यांपूर्वी मास्तरीणबाईंच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला होता. सुनेची मुलगी तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची, मुलगा चार वर्षांचा. घर कोलमडलं असतं, पण सुनेची आई आली आणि तिने सगळं अंगावर घेतलं. स्वयंपाक केला, पोरांचं केलं, मास्तरीणबाईंना न्हाऊसुद्धा घातलं. या विहीणबाई वाईट नव्हत्या, हे इथेच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे त्यांच्यावर उगाच राग निघेल. फक्त आपण केलेलं त्या विसरत नसत आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसत. मास्तर त्यांच्यापुढे ब्र काढत नसत. भाजीत मीठ जास्त पडलं तर दोनदा वाढून घ्यायचे.

अशात मुलाने तीन रांगांची गाडी घेतली. बापाच्याच शोरूममधून घेतली. फोटो निघाला, त्यात मास्तर मधोमध.

गाडीचा पहिला मोठा प्रवास ठरला तो सुनेच्या भावाच्या घराचा. आठ तासांवरच्या शहरात त्याने नवं घर घेतलं होतं आणि सगळ्यांना बोलावलं होतं. त्याच शहरात, त्याच्या घरापासून तासाभरावर, मास्तरीणबाईंची थोरली बहीण राहायची. अक्का. मास्तरीणबाई सहा वर्षांच्या असताना आई गेली. तेव्हापासून त्यांची वेणी घालणारी, त्यांना जेवू घालणारी आणि त्यांना बडवणारीही अक्काच. आता अक्का अंथरुणाला खिळली होती. चार वर्षांत दोघींची भेट नव्हती. फोनवर तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मास्तरीणबाई दुसरा कान हाताने झाकून ऐकायच्या.

"ये गं एकदा," अक्का म्हणाली होती. "नंतर येऊन मला काय कळणारे?"

डॉक्टरांनी बसप्रवासाला नाही म्हटलं, रेल्वेच्या पायऱ्यांना नाही म्हटलं. गाडीला हो म्हटलं, दोन अटी घालून. बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये आणि पाय लांब करायला जागा हवी. मास्तरीणबाईंनी दहा दिवस आधी पिशवी भरली. तिच्यात जुन्या फोटोंचा एक डबा होता. त्यातले निम्मे चेहरे कुणाचे हे आता फक्त अक्कालाच सांगता आलं असतं.

निघायच्या आदल्या रविवारी सकाळी इमारतीच्या खाली, गाडीपाशी, सगळे जमले. माणसं सात, सीटा सात. मुलगा गाडी चालवणार. सून, दोन मुलं, विहीणबाई, मास्तर, मास्तरीणबाई. मुलगा कौतुकाने म्हणाला, "बाबा, गावाला शिकवता, आज घरच्यांना बसवा."

मास्तरांनी बाह्या सरसावल्या. बाळाची उलट तोंडाची सीट मधल्या रांगेत डावीकडे, नातवाची उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे. दोन्ही अशा बसवल्या की हलवताना गाडी हलावी, सीट हलू नये. मधे उरली एक वीत आणि वर चार बोटं. तिथे सून एका कुशीवर बसणार, कारण बाळ आईच्या हाताशी हवं. मास्तरीणबाई तिथे मावणं शक्य नव्हतं. मग मास्तरांनी तिसऱ्या रांगेच्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजली. गुडघे छातीशी येणार, म्हणजे तिसरी रांग बाद, शिवाय तिथवर जायची वाट डिकीतून.

राहिली पुढची सीट. सगळ्यांनी एकदम विहीणबाईंकडे बघितलं आणि एकदम दुसरीकडे बघितलं. विहीणबाईंना गाडी लागायची. पुढे बसल्या, काच खाली असली, तरच निभायचं.

"मी बसते की मागे," त्या म्हणाल्या. "फार तर काय, ओकेन. आठ तासांचं तर आहे."

"आई, गोळी घे ना," सून म्हणाली.

"गोळीने मला झोप येते आणि झोपेत जास्त लागते."

मुलगा म्हणाला, "बाबा, एवढ्यापुरतं याला कुणाच्या तरी मांडीवर घेऊ. सीट काढा, आईला तिथे बसू दे."

"मांडीवर?" मास्तर कडाडले. शोरूममधला आवाज घरच्यांनी पहिल्यांदा ऐकला. "माझा नातू मांडीवर? मी जिवंत असताना?" यात ते बरोबर होते. त्या सकाळी त्यांचं एवढंच बरोबर होतं.

"मग त्याची सीट तिसऱ्या रांगेत बांधा. आई इथे त्याच्या जागी बसेल."

"तिसऱ्या रांगेत त्या सीटचा वरचा पट्टा अडकवायला हुक नसतो. कशाला बांधू, तुझ्या कानाला?"

"एकदा बघा तरी, बाबा."

"काय बघायचंय? ही गाडी मी डोळे मिटून खोलतो आणि डोळे मिटून लावतो. तीनशे गाड्या झाल्या असतील हाताखालून. नाही म्हणजे नाही."

बापाच्या धंद्यात बापाला कोण शिकवणार? मास्तरांनी हात पुसले आणि बायकोकडे न बघता, गिऱ्हाइकाला सांगतात तशा स्वरात सांगितलं, "जागा नाही."

मास्तरीणबाई वॉकर धरून उभ्या होत्या. "बरं," त्या म्हणाल्या.

"पुढच्या महिन्यात आपण दोघंच जाऊ. आरामात. तू पुढे, पाय लांब करून."

"बरं."

खरं सांगायचं तर मास्तरांना हलकं वाटलं. विहीणबाईंना पुढच्या सीटवरून उठा म्हणायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. सुनेचा चेहरा बघावा लागला नव्हता. गाडीनेच नाही म्हटलं होतं. मास्तरांनी फक्त गाडीचा निरोप सांगितला होता. बायको लिफ्टने गेली, ते जिना चढून वर आले, विहीणबाईंकडून चहा मागून घेतला, आणि वर त्यांची थट्टाही केली की पुढे बसणाऱ्याने ड्रायव्हरला झोपू द्यायचं नसतं, तेवढं तुम्हाला सहज जमेल. विहीणबाई हसल्या. मास्तरीणबाई आतल्या खोलीत पिशवी रिकामी करत होत्या.

गाडी गेली. बायकोच्या सोबतीला म्हणून मास्तर घरी राहिले, आणि तिसरी रांग रिकामीच गेली. येताना मात्र ती भरून आली. सुनेच्या भावाने दोन वेताच्या खुर्च्या दिल्या होत्या. मुलाने तिसरी रांग आडवी करून त्या दोरीने नीट बांधून आणल्या. खुर्च्यांना जागा झाली.

मुलगा अक्काला भेटून आला होता. वीस मिनिटं बसला, फोनवरून आईला चेहरा दाखवला. फोनमध्ये उशी दिसली, छत दिसलं, नाकाचा शेंडा दिसला. अक्काला पडद्यावर काही दिसत नव्हतं, ती भलतीकडे तोंड करून "कोण आहे? कोण आहे?" विचारत राहिली.

जेवायला बसल्यावर मास्तरीणबाईंनी मुलाला विचारलं, "माझं काही विचारलं का तिने?"

"विचारलं ना. ती का नाही आली म्हणाली. मी म्हटलं, मावशी, गाडीत जागा नव्हती."

"मग?"

मुलगा जरा घुटमळला. "म्हणाली, एवढ्या मोठ्या गाडीत?"

विहीणबाईंनी मास्तरांना भाजी वाढली आणि मास्तरांनी ती खाल्ली.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमाराला, अक्का गेल्याचा फोन आला. मुलगा म्हणाला, आत्ता निघालो तरी संध्याकाळ होईल आणि ते लोक तोवर थांबणार नाहीत. थांबले नाहीतच. मास्तरीणबाई त्या दिवशी फार रडल्या नाहीत. बिछान्यावर बसून त्यांनी आपल्या उजव्या मांडीवर मूठ मारली, पुन्हा मारली आणि म्हणाल्या, "हा मेला पाय. ह्या मेल्या पायाने घात केला माझा."

हे पुढे रोजचंच झालं. उठताना पायाला शिव्या, बसताना पायाला शिव्या. "चल रे कर्मदरिद्र्या," असं म्हणून त्या त्याला ओढत न्यायच्या. "तू धड असतास तर मी बसने गेले असते, उभ्याने गेले असते." हळूहळू शिव्यांची धार कमी झाली. मधूनमधून त्यांत गंमतही यायला लागली. नातू आजीच्या पायाला घाबरायचा, मग त्यानेही एक दिवस त्या पायाला दम दिला, आणि मास्तरीणबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. दुःखाला कुठेतरी टेकायला जागा लागते. त्यांनी ते आपल्या खुब्यावर टेकवून ठेवलं होतं, आणि बरं चाललं होतं.

मास्तर शोरूमला जात होते. पुढचा महिना आला आणि गेला, पण आता कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता.

अक्काला जाऊन दीड महिना झाला असेल. एक बाई गाडी न्यायला आल्या, मुलाच्या गाडीसारखीच, रंगसुद्धा तोच. सोबत दोन लहान मुलं, नवरा आणि काठी टेकत आलेल्या सासूबाई. नवरा फोटोसाठी केस नीट करत होता. बाईंच्या हातात गाडीचं पुस्तक होतं, आणि त्याच्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता.

मास्तरांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "मुलांच्या दोन्ही सीटा मधल्या रांगेत. आजी पुढे."

"पुढे नको," बाई म्हणाल्या. "पुढे यांचे वडील बसणार, ते घरी आहेत. त्यांना एका डोळ्याने दिसत नाही, त्यांना मागे बसलं की घाबरायला होतं. मोठ्याची सीट आपण तिसऱ्या रांगेत लावू. म्हणजे आईंना मधे बसता येईल."

मास्तर हसले. हे हसू त्यांच्याकडे तयार असायचं. "बाई, तिसऱ्या रांगेत ही सीट लागत नाही. वरच्या पट्ट्याला हुक नाही तिथे."

"आहे. पुस्तकात चित्र आहे."

"चित्र दुसऱ्या देशातल्या गाडीचं असतं. आपल्याकडे नसतो."

बाईंनी वाद घातला नाही. डिकीचं दार उघडलं, वाकल्या आणि तिसऱ्या रांगेच्या उजव्या सीटच्या पाठीमागे, खाली, गालिचात नख घातलं. गालिचाचा वहीच्या पानाएवढा तुकडा सहज वर आला. खाली हुक होता. जाड, काळा, अजून कंपनीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला.

"हा नव्हे का?" त्यांनी विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या.

मास्तरांनी हुकाला हात लावला, ओढून बघितला. मग कामाला लागले. मोठ्या मुलाची सीट तिसऱ्या रांगेत बांधली, वरचा पट्टा हुकात अडकवला, गुडघा रोवला, खेचलं. सीट तसूभर हलली नाही. मुलाला बसवलं, त्याचे पाय सीटच्या बाहेर जेमतेम यायचे, त्याला पुढे जागा लागणारच नव्हती. म्हणून त्याच्या पुढची, ड्रायव्हरच्या मागची सीट बाईंनी पार मागे सरकवली. तिथे सासूबाई बसल्या, काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही पाय सरळ लांब केले. मधे बाई, पलीकडे बाळ. तिसऱ्या रांगेत मोठ्याच्या शेजारी अजून एक माणूस बसेल एवढी जागा उरली होती. म्हणजे मास्तरांच्या घरचीही सात माणसं, सात सीटा.

"आई, बरं वाटतंय ना?" बाईंनी विचारलं.

"अगदी घरच्यासारखं," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांना पाणी हवं होतं. ते आत गेले आणि मॅनेजरला विचारलं, हा हुक कधीपासून येतो. मॅनेजरने संगणकात बघितलं. दोन वर्षं झाली होती. कंपनीने तेव्हा प्रत्येक शोरूमला पत्रक पाठवलं होतं आणि वाचल्याची सही मागितली होती. मास्तरांची सही होती. पत्रक त्यांच्याच कपाटात, खालच्या खणात, सीटकव्हरांच्या कापडी नमुन्यांखाली पडलं होतं. कागद वाचून सीट बसत नसते, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. सही करून पत्रक खणात टाकताना बहुतेक ते तेच म्हणाले असतील.

दोन वर्षं. त्या दोन वर्षांत जागा नाही असं त्यांनी किती घरांना सांगितलं, हे आठवायला लागल्यावर थांबेना. एकदा एका सुनेने सासूला तिथल्या तिथे सांगितलं होतं, "बघा, तेही नाहीच म्हणतायत," आणि ती सासू मास्तरांकडे बघून समजूतदारपणे हसली होती. पण त्या सगळ्या परक्या. त्यांची आठवण येऊन गेली की मागे एकच उरायची, अक्का, आणि तिचं शेवटचं वाक्य मुलाने जेवताना सांगितलेलं.

संध्याकाळी घरी आल्यावर ते वर गेले नाहीत. आधी मुलाच्या गाडीची डिकी उघडली. गालिचात वेताचे बारीक तुकडे अडकले होते. त्यांनी ते झटकले आणि नख घातलं. गालिचा वर आला.

आता मास्तर गप्प बसू शकले असते. कुणाला काही कळणार नव्हतं. मुलगा पुस्तक वाचणारा नव्हता. चार दिवसांनी मन आपोआप थंड झालं असतं, माणसाचं होतं तसं. पण जिना चढेपर्यंतच त्यांना ते सोसवेना. आपण खरं सांगायला चाललोय, असं ते स्वतःला सांगत होते. जिन्यावर भेटलेल्या शेजाऱ्याच्या प्रश्नाला त्यांनी उत्तरही दिलं नाही.

मास्तरीणबाई आतल्या खोलीत बिछान्यावर बसून बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सून दुसऱ्या खोलीत बाळाला निजवत होती. मास्तरांनी दार लोटलं आणि स्टुलावर बसले.

"एक सांगायचं होतं."

"सांगा."

त्यांनी सांगितलं. हुक, गालिचा, ती बाई, तिच्या सासूचे लांब केलेले पाय, पत्रक, सही. काही वगळलं नाही. सांगताना त्यांचा आवाज फाटला, डोळ्यांत पाणी आलं, आणि सांगून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. बायकोने आता रडावं, ओरडावं, अशी त्यांनी मनाची तयारी करून ठेवली होती.

मास्तरीणबाईंनी हातातल्या झबल्याची घडी पूर्ण केली. "म्हणजे मला बसता आलं असतं."

"हो."

"पाय लांब करून."

"हो."

"अक्काला भेटले असते."

मास्तरांनी खाली पडलेलं एक टोपडं उचलून घड्यांवर ठेवलं.

"मग आता हे मला कशाला सांगितलंत?"

"तुला कळायला हवं होतं. मला गिळवेना गं."

"तुम्हाला गिळवेना, म्हणून माझ्या ताटात टाकलंत," मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दीड महिना झाला, मी ह्या पायाला शिव्या घालतेय. पाय माझाच, बिचारा ऐकून घेत होता. माझी समजूत पटली होती. म्हटलं, दुखणंच असं आलं, त्याला कोण काय करणार? आता काय म्हणू?"

"मला घाल शिव्या."

"तुम्हाला शिव्या घालू, आणि न्हाणीघरापर्यंत कुणाचा हात धरून जाऊ?"

पलीकडच्या खोलीत सून बाळाला थोपटत होती, त्याचा आवाज येत होता. मास्तरीणबाईंनी उरलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, सगळ्या एकावर एक रचल्या आणि मास्तरांकडे न बघता डावा हात पुढे केला.

"उठवा."

मास्तर उठले. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं एक हात काखेखाली, एक हात पाठीला देऊन त्यांना उभं केलं. त्यांनी सगळा भार मास्तरांवर टाकला, नेहमी टाकायच्या तसाच, आणि दोघं पावलापावलाने न्हाणीघराच्या दारापर्यंत गेले. दारात मास्तरीणबाईंनी त्यांचा हात सोडला, भिंतीचा आधार घेऊन एकट्या आत गेल्या आणि आतून कडी लावली. ऑपरेशन झाल्यापासून त्या कडी लावत नसत. पडल्या तर मास्तरांना आत येता यावं म्हणून.